चढ, मोटर आणि डबलसीट

४ नोव्हेंबर, मंगळवार

कामावर होतो तोवर रोज लिफ्टचं लॉगबुक लिहायचो. कुठला दोर ताणला, कुठलं दार अडकलं, कुठे तेलपाणी केलं. निवृत्त होऊन वर्ष होत आलं तरी हात वळवळतो, म्हणून ही वही. आता देखभालीला यंत्र एकच उरलंय, ते म्हणजे सायकल. आणि तीही हल्ली नीट चालत नाही.

चढाला फार जड जाते. आधी वाटलं चेन कोरडी पडली असेल, तेल घातलं. मग टायर बदलले. मग बेअरिंगं उघडून छर्रे धुतले, नवं ग्रीस भरलं. हवेत उचलून चाक फिरवलं तर फिरतच राहतं, पण रस्त्यावर आलं की पहिले पाढे पंचावन्न. वर पोचेपर्यंत माझा भाता होतो. सकाळचा वाराही हल्ली समोरूनच येतो.

हिला रोज इस्पितळात सोडतो. ही तिथे चौकशीच्या खिडकीवर बसते, निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. इस्पितळ टेकडीवर, घर खाली, त्यामुळे चढ आमच्या पाचवीलाच पुजलेला. लग्न झाल्यापासून डबलसीट नेतोय. गल्लीतली पोरं हसायची, आता त्यांची पोरं हसतात. पण चढावर ही कधी उतरली नाही आणि मी कधी उतर म्हटलं नाही.

आता मात्र उतरते. वरच्या पाण्याच्या टाकीपाशी आलं की म्हणते, "थांबा हो जरा, इथून चालत जाते. पाय मोकळे होतात." पाय मोकळे करायला अख्खा दिवस पडलाय. मला वाटतं, हिला आता कॅरिअरवर बसायची लाज वाटायला लागलीय. हिच्या बरोबरीच्या बायका स्कूटरवरून येतात.

वाईट वाटलं, म्हणून लिहून ठेवलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवताना सायकलबद्दल कुरकुर करत होतो. ही ताटाकडे बघत म्हणाली, "सायकलच जड झालीय ना? नक्की?"

"मग काय मी जड झालोय?"

"तर मग मोटर बसवून घ्या. पुढच्या चाकात बसते म्हणे. आमच्या औषधखिडकीवाल्याने बसवलीय."

मी बघतच राहिलो. घरात मिक्सर घ्यायचा तर ही सहा महिने पाट्यावर वाटत बसली होती. आता म्हणते मोटर घ्या.

लेकीला फोन लावला तर तिला आधीच सगळं ठाऊक. मायलेकींचं बोलणं माझ्या डोक्यावरून होतं, हे काही नवीन नाही. तिने लगेच व्हिडिओ पाठवले. एकात एक उत्साही माणूस वीस मिनिटांत चाक बदलतो आणि हसत हसत निघून जातो. त्याच्या हाताला ग्रीसचा डागसुद्धा नाही. असल्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

मोठ्या शोरूममध्ये जाऊन आलो. जिने चढून वर जावं लागतं. सायकलचं दुकान पहिल्या मजल्यावर कोणी काढलं कोण जाणे. वर पोचल्यावर बोलायच्या आधी जरा टेकलो.

विक्रेता अगदी गुळगुळीत. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "यात आधी काय बिघडतं?"

"काहीच नाही, काका. दोन वर्षांची वॉरंटी."

"काहीच बिघडत नाही तर वॉरंटी कशाला?"

तो हसला. मी नाही हसलो. तीस वर्षांत न बिघडणारं यंत्र मी पाहिलेलं नाही. लिफ्ट एकाएकी बंद पडत नाही. आधी महिना महिना कुरकुरते. माणसं ऐकत नाहीत, मग मधल्या मजल्यावर अडकली की मला शिव्या घालतात.

लेकीने सुचवलेलं मोटरचं किट निम्म्या किमतीत घरपोच येतं, पण बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. नाद सोडला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज ही वळणावरच उतरली. टाकी अजून बरीच पुढे होती. म्हणे चपलेत खडा गेला. खडा काढायला इतका वेळ लागतो? काढून झाल्यावर म्हणाली, "आता चालतेच. तुम्ही इथूनच मागे फिरा."

फिरलो. उताराला सायकल छान पळते, तक्रार नाही.

माझ्याही चपलेचा पट्टा आवळलाय. संध्याकाळी पायावर वळ उठतात. हल्लीचं चामडं असलंच, दोन वेळा भिजलं की आक्रसतं. चांभाराकडे टाकून आलो. तो म्हणाला, पट्टा ठीक आहे. ठीक असतं तर मी आलो असतो का?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज दुकान सापडलं. बाजाराच्या मागच्या बोळात एक जण चाकांच्या तारा सरळ करत बसलेला असतो. त्याला मनातल्या मनात तारवाला म्हणतो. पोट सुटलेलं, तोंडात सतत काहीतरी चघळणं, गिऱ्हाईक आलं की आधी कपाळाला आठी. त्यालाही तोच प्रश्न विचारला.

"बिघडतं की. का नाही बिघडणार?" तो चघळतच म्हणाला. "आधी वायरीचा जोड जातो, पाणी शिरून. मग हबमधले प्लास्टिकचे दाते झिजतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोटरच्या जोराने आस चिमट्यातच फिरतो. चिमटा उमलतो, चाक बाहेर, आणि तुम्ही तोंडावर."

चिमटा म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणारा फोर्क. अॅल्युमिनियमचा असेल तर मी बसवूनच देत नाही, म्हणाला. माझा पोलादी आहे, बोटाने टिचकी मारून बघितलं त्याने. दोन्ही बाजूंनी आस धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या बसवाव्या लागतील म्हणाला. झिजणारे दाते त्याच्याकडे सुटे मिळतात, डबा उघडून दाखवला.

जो विकणारा स्वतःहून बिघाड सांगतो, त्याच्याकडूनच यंत्र घ्यावं. घरी येऊन हिला हे सांगितलं. ही म्हणाली, "बिघाड सांगणाऱ्याचं तुम्ही ऐकता होय?" आणि कपडे वाळत घालायला गेली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तारवाल्याला दोघांचं मिळून वजन हवंय. हिला विचारलं.

"कशाला हवंय?"

"मोटरला."

"मोटरला सांगा, बायकांना वजन विचारत नाहीत."

शेवटी वाण्याच्या काट्यावर दोघं उभे राहिलो. माझं चार किलोनं वाढलंय! जेवण निम्म्यावर आलंय, दोन घासांतच पोट फुगतं, मग वजन वाढेलच कसं? वाण्याला म्हटलं, तुझा काटा खोटा आहे. ही चढली, तर म्हणे तिच्या इस्पितळातल्या काट्याइतकंच दाखवतो, अगदी तंतोतंत. मग माझ्याकडे बघत उभी राहिली. वाण्याने तोंड फुगवलं ते वेगळंच.

येताना म्हणाली, "एकदा वर या ना. आमच्या डॉक्टरांना पाय तरी दाखवा."

म्हटलं, माझे पाय सायकलला लागतात, डॉक्टरला नाही. एरवी हिने चार शब्द सुनावले असते. आज नुसती माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तारवाला नवीनच म्हणतो. पुढच्या चाकातली मोटर एकट्या माणसाला ठीक, पण मागे माणूस बसवणार असाल तर चढावर पुढचं चाक हलकं पडतं आणि जागच्या जागी फिरतं. मोटर मागच्या चाकात घ्या.

मी नाही म्हणालो. मागचं चाक मी माझ्या हाताने बांधलंय, एकेक तार ओढून, सूर लावून. त्याच्यावर ही बसते. कारखान्यात कुणी कसं बांधलंय कोण जाणे, तसलं चाक मी हिच्याखाली घालणार नाही. पुढच्या चाकाने मला पाडलं तर पाडू दे.

"बॅटरी पुढच्या टोपलीत ठेवू, वर माझी हत्यारांची पेटी. वजन येईल पुढे," मी म्हटलं.

"काका, सायकल तुमची, हट्ट तुमचा," तो म्हणाला. माणूस तिरसट आहे, पण बोलला ते खोटं नव्हतं.

उशी चपटी झालीय. आडवं पडलं की श्वास कोंडल्यासारखा होतो, म्हणून दोन घेतो. काल तीन घेतल्या. नव्या घ्यायला हव्यात. सगळ्याच वस्तू एकदम म्हाताऱ्या व्हायला लागल्यात.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तर ही शाळेच्या फाटकापाशीच उतरली. तिथे चढ जेमतेम सुरू होतो! म्हणे समोरच्या दुकानातून पेन घ्यायचंय. पेनं तिच्या पर्समध्ये तीन आहेत, मला ठाऊक आहे.

मी चिडलो. "लाज वाटत असेल तर सरळ सांग. बसने जा. मी कशाला मरायला येतो रोज?"

हिने माझ्या शर्टाचं वरचं बटण उगाचच नीट केलं. "मरायच्या गोष्टी सकाळी सकाळी नकोत," म्हणाली आणि चालायला लागली. मी तिथेच सायकल धरून उभा राहिलो. दम खाल्ला आणि घरी आलो. घरी आल्यावर भांडणाचं वाईट वाटलं. उरलेला दिवस आडवा होतो, काही केलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हिने सुट्टी टाकली आणि तारवाल्याकडे स्वतः आली. तिथे एक स्वस्त किटही पडून होतं. मी ते हातात घेऊन बघत होतो, तर ही म्हणाली, "ते नको. सगळ्यात भरवशाचं कुठलं? चार पैसे जास्त गेले तरी चालतील. पण कुठे अडायला नको, खटखट नको, कुरकुर नको."

भाजीच्या जुडीवरून बाजार डोक्यावर घेणारी हीच का ती, असं मला झालं.

मग तारवाल्याला खोदून खोदून विचारत बसली. "चढावर सगळं मोटरच ओढेल ना? यांना पायडल मारावंच लागणार नाही, असं होईल ना? नक्की?"

"मूठ पिळून नुसतं बसायचं, ताई. पायडल हौस असेल तर."

"हौस नकोच," ही म्हणाली.

तिची निवड आणि माझी निवड एकच निघाली: दातेवाली मोटर, कारण चढाला तीच बरी. बंद डब्यातली बॅटरी, दोन्ही बाजूंना पट्ट्या, ब्रेक दाबला की मोटर थांबवणारी कळ. जुने दांडीचे ब्रेक काढून तारेचे बसवावे लागतील. पुढच्या रिमवर ते कित्येक वर्षं घासत होते. काढल्यावर ते मला परत द्या, असं तारवाल्याला सांगून ठेवलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

किट बसलं. पहिल्यांदा तारवाल्याने चाक उलटं घातलं आणि मोटर मागे ओढायला लागली. मी न बोलता फक्त बघितलं. एवढं सुख बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

मग आसाचे नट मीही एकेकदा ओढून बघितले. पाव फेरा ओढला आणि खाली बसावं लागलं. जोर द्यायची सवय गेली.

सपाटीवर एक चक्कर मारली. आवाज नाही. अगदी नाही. कान लावून ऐकलं, नुसती बारीक गुणगुण. चांगलं यंत्र आहे. ही दारात उभी राहून बघत होती. मी हात केला, तर तिने पदराने डोळे पुसले. मोटरचं एवढं कौतुक करेल असं वाटलं नव्हतं.

१ डिसेंबर, सोमवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.

सकाळी निघालो. पुढे टोपलीत बॅटरी आणि पेटी, मागे ही. शाळेचं फाटक आलं, ही उतरली नाही. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने म्हणालो, "काय, पेन नको आज?" ती हसली. मूठ पिळली आणि सायकल चढाला लागली, कुणीतरी पुढून हात धरून नेल्यासारखी.

वळणावर नळासाठी रस्ता खणलाय, वर खडी पसरलीय. तिथे पुढचं चाक जागच्या जागी गरगरलं. तारवाला म्हणाला होता तसंच. पेटीचा काही उपयोग झाला नाही. मी पाय टेकले. ही शांतपणे उतरली, जशी काही याचीच वाट बघत होती.

"तुम्ही बसा. मूठ पिळा आणि नुसते बसून राहा. पायडल मारू नका हं. मी चालते बाजूने."

खडी ओलांडून सायकल निघाली. चालण्याच्या वेगाने. ही शेजारी, खांद्याला पर्स, तिच्या खिडकीवरची कोण रजेवर गेलीय ते सांगत. मी राजासारखा बसलेला. एकदाही पायडल मारलं नाही.

टाकीच्या अलीकडे मला एक आवाज ऐकू आला. शिट्टीसारखा, घासल्यासारखा, मध्येच कुरकुर. नवं किट, आणि दोन दिवसांत आवाज? म्हटलं हबमधून येतोय. मान खाली घालून ऐकलं. मग वाटलं बेअरिंग. असा आवाज आला की लिफ्टवाल्याची एकच रीत असते: यंत्र बंद करायचं आणि ऐकायचं. मूठ सोडली. मोटर बंद झाली. ब्रेक दाबला, चाक थांबलं. मी पाय टेकून उभा राहिलो.

आवाज चालूच होता.

मी चाकाकडे बघितलं. हँडलकडे बघितलं. मग हिच्याकडे बघितलं. ही बोलायची थांबली होती. साठीला टेकलेली बाई, अख्खा चढ पायी आलेली, आणि तिचा श्वास अगदी संथ. मी बसून आलो होतो.

काहीतरी बोलायला गेलो तर शब्दाला पुरेल इतकी हवाच नव्हती.

"हं," ही म्हणाली. "आता सायकल नाही ना?"

मी मान हलवली.

सायकल टाकीच्या कुंपणाला टेकवली, हिने माझा दंड धरला आणि उरलेला चढ आम्ही थांबत थांबत चालत गेलो. चौकशीच्या खिडकीवर आज माझी चौकशी झाली.

२ डिसेंबर, मंगळवार

वही हिने आणून दिली. वाचली नाही म्हणते.

काल डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मग पाठीला. मोठा श्वास घ्या म्हणाले, मोठा येईना. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. तेव्हा मला चांभाराची आठवण झाली. वाण्याचीही. दोघांची माफी मागायला हवी.

"दम कधीपासून लागतो?" त्यांनी विचारलं.

"आत्ता, दोनेक आठवडे," मी म्हणालो.

ही पलंगाच्या दांड्याला धरून उभी होती. म्हणाली, "नाही, डॉक्टर. उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीपाशी लागायचा. मग वळणावर लागायला लागला. गेल्या महिन्यात शाळेच्या फाटकालाच. जिथे लागायला लागला, तिथे मी उतरत गेले."

डॉक्टर लिहायचे थांबले. "तुम्हाला कसं कळलं?"

"मी मागे बसते ना. कान यांच्या पाठीलाच असतो."

मी छताकडे बघत पडलो होतो. एवढी वर्षं नेतोय हिला, पण पुढे बसणाऱ्याला मागचा माणूस दिसत नाही. मला वाटत होतं हिला लाज वाटते.

हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. रक्त मागे फिरतं, छातीत आणि पायात पाणी साठतं. इमारतींच्या पंपातला, पाणी उलटं न सोडणारा व्हॉल्व्ह मी शेकडो वेळा बदललाय, त्यामुळे मला चटकन समजलं. डॉक्टर खूश झाले. मी नाही झालो. पंप बदलताना आपण पंपात नसतो. आधी पाणी उतरवणार, मग पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. मला भीती वाटते. हिला सांगितलं तसं. "मलापण," ती म्हणाली. लेक उद्या येतेय.

दुपारी हिची सुट्टी झाल्यावर स्टूल ओढून बसली. सायकल तारवाल्याने टाकीपासून नेऊन दुकानात लावलीय, म्हणाली. पैसे वाया गेले का, असं मी विचारलं. मग जे सकाळपासून घोळत होतं ते विचारलं, "तुला उन्हाळ्यापासून माहीत होतं, तर मोटर कशाला घेऊ दिलीस? वर एवढी महागाची?"

"सांगून बघितलं की. पाय दाखवा म्हटलं, श्वास दाखवा म्हटलं. तुम्ही चेन दाखवलीत, टायर दाखवलेत, बेअरिंगं दाखवलीत." ती माझ्या पायावरचं पांघरूण सारखं करत होती. "म्हटलं, सायकलीत दोष द्यायला काही उरायलाच नको. मग तरी स्वतःकडे बघाल."

"आणि भरवशाचंच हवं म्हणून अडून बसलीस ते?"

"स्वस्तातलं घेतलं असतं, तर वर पोचल्यावर तुम्ही काय म्हणाला असता?"

किटच फसवं निघालं, असं म्हणालो असतो, आणि ते उघडून दुरुस्त करत बसलो असतो.